आत्या, वाइनमध्ये तुझा काळा मसाला चालतो

आत्या, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. उद्या सांगीन म्हटलं तर जिभेवरून उतरून जाईल. आत्ता अजून चव आहे. ओट्यावर ग्लास आहे, ग्लासात दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची ती लाल वाइन आहे, वाइनवर तेलाचे बारीक बारीक डोळे तरंगतायत, माझ्या नाकाला धार लागलीय आणि मी एका हाताने नाक पुसत दुसऱ्या हाताने टाइप करतेय. चुका राहतील. राहू देत.

तू जिंकलीस! म्हणजे अर्धं. गुळाचं सोडून. गुळाचं शेवटी बोलू.

पण वाचणाऱ्यांना काय कळणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. तूही ऐक. कुठं चुकले तर मधेच तोडायची तुझी सवय होती ना, ती आज फार पाहिजे होती.

तर, ही माझी आत्या. पप्पांची थोरली बहीण. अकोले तालुक्यातल्या, डोंगरातल्या गावची भातशेतीवाली. मामा गेले, म्हणजे आत्याचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते गेल्यावर पप्पांनी तिला शहरात, सावेडीला आमच्या फ्लॅटवर आणलं. पप्पा आणि मी, दोघांचंच घर आमचं. तू आलीस आणि पहिल्याच दिवशी आमचा मसाल्याचा डबा उघडून वास घेतलास आणि म्हणालीस, "बापू, हे काय लाकडाचा भुसा खाता व्हय रे तुमी?" त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात तुझा काळा मसाला. नुसता आमच्या घरात नाही. खालच्या काकूंकडे, पप्पांच्या ऑफिसात, पार खर्डा गावच्या पाहुण्यांकडे तुझी पुडी जायची.

आणि मग तो ताप आला आणि तुझं नाक गेलं.

ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास आलाच नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. तू म्हणायचीस, "जीभ चालू हाय, नाक मेलंय." आंबट कळायचं, गोड कळायचं, मिरची कळायची, बाकी सगळं कोरं. कोथिंबीर आणि गवत एकच. तरी त्या वर्षी तू हट्टाने मसाला केलास. नजरेच्या अंदाजाने. आणि त्याला एक जळकी, कडवट किनार आली. आम्ही कोणी बोललो नाही. पप्पा "मस्त झालाय आक्का" म्हणत आमटी प्यायचे. पण तू पप्पांची वाटी बघायचीस. आधी ते दोनदा घ्यायचे ना, आता एकदाच घेत होते.

तेव्हा तू मला सांगितलेलंस ते मी विसरलेच नाही, आणि आज ते किती कामाला आलं माहितीये! तू म्हणालीस, "मिरची रंगावर भाजता येती. खोबरं रंगावर भाजता येतं. धनं बी. पन दगडफूल मुळातच काळं. कच्चं असू दे न्हाईतर करपू दे, डोळ्याला सारखंच. ते नाकानंच भाजायचं असतंय बये. माझं दगडफूल करपलं."

मग हसलीस आणि भाजी निवडायला लागलीस.

आता वाइन.

मी मैत्रिणीच्या पार्टीला म्हणून एक बाटली घेतली होती, स्वस्तातली, आणि ती इतकी बेकार निघाली की सगळ्यांनी एकेक घोट घेऊन मला बाटली परत दिली. परत! आमच्या घरात बाटली म्हणजे विषयच नाही. मामांमुळे. मामा प्यायचे, रोज, शेवटपर्यंत, आणि त्या वासापायी तू त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकायचीस हे सगळ्या घराला माहीत. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा ऑफिसला गेल्यावर गुपचूप ती सिंकमध्ये ओतत होते. आणि मागून तू.

"काय वततीस गं?"

मी म्हटलं, "काही नाही आत्या, खराब झालंय."

"बघू."

"आत्या, ती वाइन आहे."

मला वाटलं आता माझी काही खैर नाही. तू बाटली हातात घेतलीस, नाकाला लावलीस, कोरं तोंड केलंस. मग वाटीत थोडी ओतून एक बोट बुडवलंस आणि चाटलंस.

"चिंचेच्या कोळात तुरटी फिरवल्यागत लागतंय. ह्याला गूळ न्हाई, तिखट न्हाई, काई न्हाई. आमटी बिघडली तर वतून देतीस का तू? सुधारतीस ना? पातेलं आन."

मी म्हटलं, "तुला चालेल? म्हणजे... दारू आहे ती."

तू म्हणालीस, "वास येतोय कुठं मला? नाक हुतं तवा ह्या वासाच्या वाऱ्याला उभी ऱ्हायले न्हाई. आता माझ्यासाठी हे आंबट पानी हाय."

आणि आत्या, त्या दुपारी तू जे केलंस ते बघून मी येडी झाले. लवंगा, दालचिनी, आल्याचा तुकडा ठेचून, एक लवंगी मिरची देठासकट तव्यावर फोड येईपर्यंत भाजून. पातेलं मंद गॅसवर. उकळू द्यायचं नाही, नुसतं कढत. वासाचा पत्ता नसताना तू फक्त बोट चाटून चाटून ते जुळवत होतीस. आंबटाला थोडं गोड, गोडाला थोडं तिखट, तुरटपणा मिरचीच्या मागं लपवायचा. मी घोट घेतला आणि ओरडलेच. तीच बाटली! जी काल चार पोरींनी नाक मुरडून परत केली होती!

तू म्हणालीस, "वरडू नको. सांग, वास कसा येतोय?"

आणि तिथून आपलं ते सुरू झालं. मी तुझं नाक.

मला वाटलेलं सोपं असेल. "छान येतोय" म्हटलं. तू कपाळावर हात मारलास. "छान म्हंजी काय? लग्नात नवरी छान, पोराचे मार्क छान. वास सांग!" मी शिकलेली मुलगी, मला वास सांगताच येईना. मग हळूहळू जमायला लागलं. लवंगेचा वास म्हणजे दाताच्या डॉक्टरची खुर्ची. तू म्हणालीस, "बरोबर, फुडं?" दालचिनी म्हणजे उन्हात तापलेली लाकडी खिडकी. भाजलेली मिरची म्हणजे कोणीतरी रागाने दार आपटून गेल्यावर खोलीत जे उरतं ते. ह्याच्यावर तू इतकी हसलीस की ठसका लागला. "हां! आला! मला आला वास!" म्हणालीस. आला नव्हता. पण तुझ्या डोळ्यांसमोर मिरची उभी राहिली असणार.

मी दगडफुलाचं सांगायला गेले तेव्हा अडले. काळं, चुरगळलेल्या कागदासारखं ते, वास म्हणावा तर आहे, म्हणावा तर नाही. मग तूच सांगितलंस, "विहिरीत उतरताना आतल्या कडेला हात लागतो का, तिथला वास. गार. तो तेलात पडला की गरम हुतो. येवढंच हाय ते." आत्या, मी कधी विहिरीत उतरले नाही. पण तेव्हापासून दगडफूल हुंगलं की मी उतरते.

मग काय, दर थोड्या दिवसांनी मी खालच्या फळीवरची बाटली आणायची. महागडी आणू का विचारलं तर म्हणालीस, "चांगल्या आमटीत हात घालून काय करायचं?" एकदा ओवा टाकला. एकदा चिंच-गूळ. एकदा करवंदं टाकून ठेवली, ते तर अफाट झालेलं. एकदा मी अतिशहाणपणा करून लसूण टाकला, तेव्हा तू सुद्धा, नाक नसताना, म्हणालीस, "हे मला दिसतंयच वाईट." तू दोन घोटांच्या वर कधी गेली नाहीस, एक संध्याकाळ सोडली तर. बाकीचं मी, आणि उरलेलं सिंक.

पप्पांना एकदा कळलंच. दारातच थांबले. चेहरा असा झाला की मला पळून जावंसं वाटलं.

"आक्का. तू? दारू?"

"द्राक्षाची हाय. द्राक्षं खात न्हाईस व्हय तू?"

"आक्का, भाऊजींनी तुझं काय केलं ते विसरलीस का?"

तू पातेल्यात चमचा फिरवत राहिलीस. म्हणालीस, "त्यांनी केलं ते त्यांच्यासंगं गेलं. मी माझ्या नाकाचं औषध करतीय. हिला बोलायला शिकवतीय. तू चहा घेतोस का?"

पप्पांनी चहा घेतला. विषय संपला. पण त्यांनी वाइनला कधी हात लावला नाही, आणि ते बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी तुझी ती वर्षं बघितलेली. मी नाही बघितली.

आणि मग ती संध्याकाळ.

थंडी सरत आलेली. मी ग्लास तुझ्या हातात दिला, साधाच, लवंग आणि मिरी, आणि नेहमीसारखी सांगायला लागणार तेवढ्यात तू हात वर केलास. "थांब." ग्लास नाकाशी नेलास. खाली घेतलास. परत नेलास. डोळे मिटलेस. मला वाटलं चक्कर आली.

"काय झालं आत्या?"

"ह्यांचा वास आला."

"कोणाचा?"

"ह्यांचा गं. तुझ्या मामांचा."

माझ्या अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही आलाय. तू ग्लास तसाच धरून बसलीस. मग हळू म्हणालीस, "जन्मभर ह्या वासाला शिव्या घातल्या. आन बघ, मेलेल्या नाकात पयला ह्योच आला."

तू रडत नव्हतीस. हसतही नव्हतीस. मला विचारायचं होतं की आत्या, राग आला का? की बरं वाटलं? की दोन्ही? माझ्या तोंडाशी आलं होतं. नाही विचारलं. ते राहिलं, कायमचं. तू पण सांगितलं नाहीस. फक्त त्या दिवशी दोन घोटांनंतर ग्लास ओट्यावर ठेवला नाहीस, रिकामा होईपर्यंत हातात धरलास.

दुसऱ्या दिवशी तू पप्पांना जाहीर करून टाकलंस. "नाक आलं माझं. यंदा मसाला मी करनार."

पप्पा म्हणाले, "आक्का, भास असतो तो. डॉक्टरने सांगितलंय, असे भास होतात."

"भास? मला कालपासून तुझ्या मोज्यांचा वास येतोय. त्यो भास असता तर बरं झालं असतं."

मी हसून लोळले. पण पप्पा ऐकेनात. ते प्रेमानेच म्हणत होते, तू परत निराश होऊ नयेस म्हणून. ते बाजारातून तयार मसाल्याची पाकिटं घेऊन आले. तू ती पाकिटं बघितलीस आणि त्या दिवसापासून आमटीला शिवली नाहीस. भाकरी आणि ठेचा. आमच्या घरात आमटीवरून अबोला!

मला विचारशील तर, मला कळत नव्हतं. तुझं नाक कधी यायचं, कधी जायचं. सकाळी म्हणायचीस चहाचा वास आला, दुपारी मी डोळे मिटायला लावून कांदा धरला तर म्हणायचीस बटाटा. तू खोटं बोलत नव्हतीस. पण खरंच वास येतोय की यावा असं इतकं वाटतंय म्हणून येतोय, हे बाहेरून कसं ओळखायचं? तुझ्या नाकाचं नाक कोण होणार?

आणि त्यातच आपलं ते भांडण. मी म्हटलं आता नवीन काय टाकायचं वाइनमध्ये, सगळं झालं. तू म्हणालीस, "काळा मसाला."

"शी! आत्या! वाइनमध्ये काळा मसाला? ती काय मटणाची भाजी आहे?"

"चिमूटभर. कढत असताना. वर झाकन."

"खोबरं असतं त्यात! तेल तरंगेल!"

"तरंगू दे की. तू पोहायला जानार हायेस का त्यात? आन गूळ टाकायचा न्हाई. गुळानं मसाला मरतो."

मी म्हटलं मसाला टाकणार असशील तर गूळ लागेलच. तू म्हणालीस न्हाई. मी म्हटलं लागेल. शेवटी तू म्हणालीस, "माझी यंदाची बरनी उघडंल तवा टाक आन बघ. ह्या पाकिटातला टाकशील तर हात मोडीन."

आम्ही खर्ड्याला लग्नाला गेलो त्या दिवशी तू मसाला केलास. एकटीने! आम्ही परत आलो तर जिन्यातच खोकला. खालच्या काकू पदर नाकाला लावून दारात. "अहो तुमच्या आत्याबाईंनी सकाळपासून आमचा जीव घेतलाय!" वर आलो तर तू खुर्चीत बसलेली, केसांना धण्याचा भुसा, रिक्षा करून कांडपवाल्याकडे जाऊन आलेली, आणि समोर बरणी. भरलेली, वर हिंगाचा खडा, तोंडाला फडकं बांधलेलं.

पप्पा म्हणाले, "आक्का, बघू तरी."

"मुरल्याशिवाय उघडायची न्हाई. हात लावायचा न्हाई कुनी."

आणि मग तूच थांबली नाहीस. थोड्याच दिवसांनी जेवून दुपारी आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. चहा घेऊन मी आले होते. चहात जास्तीचं आलं होतं, तुला वास यावा म्हणून.

तेरावं झालं. पाहुणे गेले. बरणी फळीवर तशीच. मी आणि पप्पा रोज तिच्याकडे बघायचो आणि पाकिटातल्या मसाल्याची आमटी खायचो. सरळ सांगते, मला भीती वाटत होती. उघडली आणि तीच जळकी किनार असली तर? म्हणजे त्या दोन घोटांच्या सगळ्या दुपारी, मामांचा वास, मोजे, सगळं तुझ्या मनाचंच होतं असं झालं असतं. बंद होती तोवर तुझं नाक जिवंत होतं.

आज संध्याकाळी पप्पा ऑफिसातून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "उघड."

मी फडकं सोडलं. झाकण फिरवलं. पप्पा पुढं झाले, मग मागं सरकले. "तू घे आधी. तुझंच नाक होतं तिला."

मी वाकले.

आत्या!

आधी मिरची आली, मग खोबरं, मग धणे. आणि मग सगळ्यांच्या खालून, अगदी तळातून, विहिरीची आतली कड. गार. आणि लगेच गरम. जळकं काही नाही. कच्चं काही नाही. बरोब्बर त्या एका क्षणाला कढईतून काढलेलं दगडफूल, जो क्षण डोळ्याला दिसत नाही! मी ओरडून पप्पांना सांगितलं, दगडफूल, पप्पा, दगडफूल! ते म्हणाले अंदाजाने जमलं असेल. मी म्हटलं गेल्या वर्षीचा तो करपलेला आणा. डब्याच्या तळाला थोडा होता. तो हुंगला, मग हा हुंगला. परत तो. परत हा. पप्पा बराच वेळ बरणीत तोंड घालून उभे होते. बाहेर काढलं तेव्हा नाकाच्या शेंड्याला मसाला लागलेला.

"येत होता गं तिला वास," ते म्हणाले. "आक्काला खरंच येत होता."

मग ते जे म्हणाले ते मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणाले, "तुमचं ते भांडण काय होतं? आण बाटली."

पातेलं. मंद गॅस. कढत. चिमूटभर. वर झाकण. तेल तरंगलं, मी म्हटलेलं! पण आत्या, काय सांगू. ती खालच्या फळीवरची, आंबट, कोणाला नको असलेली वाइन, तिच्यात तुझी चिमूट पडली आणि ती मोठी झाली. आधी घशात जाळ. मग द्राक्ष. मग डोंगर, खरंच सांगते, तुमच्या गावाकडची ओली काळी माती. पप्पांनी एक घोट घेतला, जन्मातला पहिला. डोळे मिटले. मला वाटलं थुंकणार. म्हणाले, "भाऊजींच्या शर्टाला असाच वास यायचा. वर आक्काच्या फोडणीचा, खाली त्यांचा. मी लहान होतो तेव्हा त्यांच्या सायकलवर पुढं बसायचो." एवढंच बोलले आणि आमटी टाकायला डाळ धुवायला लागले. आज दोनदा घेणार आहेत, आत्ताच सांगून ठेवलंय.

म्हणजे तुम्ही दोघं त्या शर्टात कायम एकत्रच होतात का गं? ओसरीवर अंथरूण टाकलंस तरी? त्या संध्याकाळी ग्लासात तुला हेच आलं होतं का? मी विचारलं नव्हतं ते. तू उत्तर बरणीत बांधून ठेवलंस असं मी म्हणणार नाही, तू म्हणशील फार शहाणी झालीस. पण मला थोडं तरी मिळालं.

आता गूळ. मी टाकला. खडाभर. मसाला मरत नाही आत्या. उलट उठतो. तुझं चुकलं! बोल आता. बोल ना.

हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी सांगा. तुमच्याकडं झालंय का असं कधी, की माणूस गेल्यावर त्याचं म्हणणं खरं निघालं, आणि तुम्ही भरल्या नाकाने उरलेलं भांडण चालू ठेवलं, कारण ते संपवलं असतं तर घर फारच गप्प झालं असतं?